पोपटी लोकर

१

चोराने चांदीला हात लावला नव्हता. ज्यूंच्या शब्बाथला, शुक्रवारी संध्याकाळी, मेणबत्त्या लावायचे दोन चांदीचे स्टँड टेबलावर जिथल्या तिथे उभे होते. शेजारी वडिलांचं खिशातलं घड्याळ होतं. गेलं होतं ते फक्त पलंगावरचं जुनं लोकरीचं पांघरूण.

"तुम्हाला हसू येईल," युडिक डेनेबोम म्हणाली, "पण चांदी गेली असती तर मी तुम्हाला एवढ्या घाईनं बोलावलं नसतं."

झेंडाइकना हसू आलं नाही. युद्धाआधी ते विमा कंपनीत होते. आग लागली की लावली, हे राख उकरून सांगायचं, हा त्यांचा धंदा. मग हॉलंडमध्ये जर्मन आले, आणि पुढची तीन वर्षं झेंडाइकनी एका पाद्र्याच्या माळ्यावर लपून काढली. खाली उतरले तेव्हा बायको परत येणार नव्हती, आणि कंपनीतल्या त्यांच्या खुर्चीवर दुसराच बसलेला होता. आता ते झ्वोलेच्या एका वकिलासाठी काम करत. जी ज्यू माणसं जिवंत परत आली, त्यांची घरं-दुकानं कोणी, कशी घशात घातली, ते शोधून काढत.

युडिकचं घर परवा सुनावणीला यायचं होतं. देवेंटरच्या भर पेठेतलं तीन मजली घर. खाली तिच्या वडिलांचं, हार्तोख डेनेबोमचं, लोकरीचं आणि कापडाचं दुकान. बेचाळीस साली कुटुंब लपायला गेलं आणि जर्मन अंमलदारांनी ते घर लोण्याचा व्यापारी नायलंट याला विकलं. सहा वर्षं तो तिथे राहत होता. तो म्हणे, मी कागद बघून खरेदी केली, मला काय ठाऊक कुणाकडून काय हिसकावलं होतं. युडिक तेव्हा तेरा वर्षांची होती. आता एकोणीस. छातीच्या आजारात दोन वर्षं सॅनेटोरियममध्ये काढून, आईबाप नसलेली ती पोर पंधरा दिवसांपूर्वी गावात परतली होती आणि हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी शिवत होती.

"कधी गेलं?"

"आज दुपारी. मी कामावर होते. घरमालकीण शनिवारपासून लेकीकडे गेलीय."

झेंडाइक खिडकीपाशी गेले. ती मागच्या अंगणात उघडत होती आणि पलंग बरोबर तिच्या खाली होता. खिटी बाहेरून वर उचललेली दिसत होती. पण खिडकी बंद होती. त्यांनी ढकलून पाहिली, हलेना. मग चौकटीच्या फटीत बोट घातलं आणि दुमडून घट्ट ठोसलेला एक रबराचा तुकडा बाहेर काढला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा होता. खिडकी लगेच वाऱ्याने उघडली.

"दुपारी पाऊस होता ना?"

"धो धो. आमच्या लाँड्रीत पाणी आलं."

झेंडाइकनी गादीवर तळहात ठेवला. कोरडी होती.

"बाहेरून खिटी लावता येत नाही," ते म्हणाले. "पळून जायचं सोडून हा माणूस पावसात थांबला. खिशात होतं ते रबर ठोसून खिडकी बंद केली, का, तर तुमचं अंथरूण भिजू नये. नायलंटला तुम्हाला घाबरवायचं असतं तर त्यानं खोलीची नासधूस केली असती. युडिक, ही चोरी तुमच्या वैऱ्यानं केलेली नाही. तुमचं बरं चिंतणाऱ्या माणसानं केली आहे."

२

"माझं बरं चिंतणारं गावात एकच घर आहे," युडिक म्हणाली. "आणि ती माणसं चोरी करायची नाहीत."

ते घर हेसेलिंकबाईंचं. आलेयदा हेसेलिंक मुलींच्या शाळेत शिकवत, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ वोल्टर सायकली दुरुस्त करायचा; युद्धात तो जर्मनांच्या तुरुंगात जाऊन आला होता. दोघं एकत्रच राहत. लपायला जाण्याआधी युडिकच्या आईने, मिनाने, किडूकमिडूक चार ठिकाणी ठेवायला दिलं होतं. एकाने गालिचा पाहिलाच नाही म्हणून सांगितलं. दुसरीने युद्धाच्या शेवटच्या, भुकेच्या हिवाळ्यात भांडी विकून बटाटे घेतले आणि रडत कबूल केलं. तिसऱ्याने दारच उघडलं नाही. फक्त हेसेलिंकबाईंनी, युडिक सॅनेटोरियममधून परतताच, पेटीच्या पेटी परत केली. चांदी घासलेली, चादरींत लव्हेंडर ठेवलेलं.

"आणि पांघरूण?"

"सगळ्यात वर तेच होतं. चौकोन विणून जोडलेलं, दुकानात उरलेल्या लोकरीचं. आईचा हात मी लांबून ओळखते, ती टाका जरा उलटा घ्यायची. आणि कडेला पोपटी चौकोन. ती माझी जर्सी होती, झेंडाइकसाहेब. तिनं उसवली असणार."

"जर्सी कधीची?"

युडिकने खांदे उडवले. "घालायचे एवढं आठवतं. त्या वर्षांचं माझं सगळं एकमेकांत मिसळलंय. पांघरूण हातात आलं आणि मी रडत बसले, बस्स."

"पोपटी चौकोनाबद्दल कुणाला सांगितलंत?"

"रविवारी बाईंकडे कॉफीला गेले होते, तेव्हा. बाई होत्या आणि वोल्टर. आणि शनिवारी नायलंट इथं आला होता, तडजोड करायला. पलंगावर, त्या पांघरुणावरच बसला. मी म्हटलं उठा, ते माझ्या आईनं विणलंय."

आणि याच हेसेलिंकबाई परवाच्या सुनावणीत युडिकच्या एकमेव साक्षीदार होत्या. एक्केचाळीसमध्ये त्या दुकानात लोकर घ्यायला गेल्या असताना नायलंट हार्तोखला म्हणाला होता, 'तुम्हा लोकांना आज ना उद्या जावंच लागणार. मग घर मलाच का देत नाही स्वस्तात?' त्यांनी ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. ते शब्द सुनावणीच्या मंडळासमोर आले की 'मला काय ठाऊक' म्हणायची त्याची सोय उरत नव्हती.

बुधवारी सकाळी झेंडाइक आधी नायलंटकडेच गेले. युडिकच्याच घरात, युडिकच्या आजोबांनी बसवलेल्या टाइलच्या शेकोटीपुढे, नायलंटने त्यांना बसायला सांगितलं नाही.

"पांघरूण?" तो म्हणाला. "माझ्याकडे पांघरुणं कमी पडलीत का?"

"काल दुपारी कुठे होतात?"

"आल्मेलोच्या बाजारात, शंभर माणसांदेखत. ऐका झेंडाइक. तुम्ही लोक परत आलात, आनंद आहे. पण आल्यापासून प्रत्येकाच्या घरात नाक खुपसताय. चमचा माझा, खुर्ची माझी."

"चमचा ज्याचा असतो तो असं म्हणतो खरा."

नायलंट हसला. "तुमची ती बाई साक्ष देईल तेव्हा माझा वकील तिला एकच गोष्ट विचारणार आहे. ती घरोब्यातली आहे, पोरीवर जीव आहे तिचा. तिच्या शब्दाला किती वजन, ते तो बघून घेईल. मला पांघरुणं चोरायची गरज काय?"

बाहेर आल्यावर झेंडाइकनी सायकलवर टांग मारली ती गावाबाहेर, राल्टेच्या रस्त्याने. त्यांना त्या जर्सीबद्दल विचारायचं होतं, आणि विचारता येईल असं एकच माणूस जिवंत होतं.

३

दीना व्हिगर्सच्या शेतघराच्या पोटमाळ्यावर डेनेबोम कुटुंब लपलं होतं. युडिक तिला दीनामावशी म्हणायची. चव्वेचाळीसच्या धाडीत युडिकच्या आईबापांबरोबर दीनाचा नवरा हेंड्रिकही धरला गेला आणि छावणीत मेला. ती आता एकटी आठ गाई सांभाळत होती, आणि झेंडाइक आले तेव्हा बीट कापत होती.

"पोपटी जर्सी ना? आठवेल नाहीतर काय," ती म्हणाली. "पोरगी इथं वर्षभर राहिली, वेलीसारखी वाढली. बाह्या इथपर्यंत आल्या होत्या." तिने कोपराखाली बोट ठेवलं. "मग त्रेचाळीसच्या शेवटी तिला फ्रीसलंडला पाठवलं. ती गोरी, केस पिंगट, तिकडे भाची म्हणून खपून जाईल असं ठरलं. जर्सी इथंच टाकून गेली. मिना ती उसवायची आणि रडायची, रडायची आणि विणायची. हार्तोख म्हणायचा, अगं लोकर आटेल."

झेंडाइकनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"म्हणजे पोपटी चौकोन तिनं इथे विणले. युडिक गेल्यावर."

"इथंच, या चुलीपुढे. अंधार पडला, खिडक्या झाकल्या की खाली यायची."

पेटी हेसेलिंकबाईंकडे गेली होती ती त्याच्या वर्षभर आधी, बेचाळीसच्या उन्हाळ्यात. त्या पेटीत हे पांघरूण असणं शक्य नव्हतं.

"दीनाबाई, धाडीनंतर त्या पांघरुणाचं काय झालं? पोलिसांनी नेलं?"

"नाही." तिने सुरी खाली ठेवली. "ते मी विसरायची नाही. मी आठवडाभर बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते, त्याच सकाळी परत आले होते. फेब्रुवारी. मिनाला पातळ कोटात अंगणात उभं केलेलं. मी त्या पोलिसाला म्हटलं, निदान पांघरूण तरी आणू दे. तो हो म्हणाला. मी वर धावले. पलंगावर पांघरूण नव्हतं. कुठंच नव्हतं. रिकाम्या हातानं खाली आले, तर मिना माझ्याकडे बघून मान हलवत होती, राहू दे, राहू दे. मला वाटलं थंडीनं हलतेय."

"तुम्ही बहिणीकडे जाताना होतं?"

"होतं की. शेवटची कड जोडत होती."

"मग त्या आठवड्यात कुणीतरी येऊन गेलं."

"आलं असेल. रेशनची कुपनं कोण आणून द्यायचं ते हेंड्रिकनं मला कधी सांगितलं नाही. म्हणायचा, तुला ठाऊक नसलेलं तुला मारून काढता येणार नाही." दीना थांबली. "का विचारताय? ते सापडलं का कुठं?"

"युडिकला परत मिळालं," झेंडाइक म्हणाले.

"कुणाकडून?"

झेंडाइकनी नजर बीटच्या ढिगाकडे वळवली. युडिक पंचेचाळीस साली, सॅनेटोरियमला जाण्याआधी, परत आली तेव्हा हेसेलिंकबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या होत्या, 'पोरी, तुम्ही कुठे लपलात ते मला कधीच कळलं नाही.' हे त्यांनी तेव्हापासून साऱ्या गावाला सांगितलं होतं.

दीनाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

४

शाळा सुटल्यावर हेसेलिंकबाई घरी एकट्या होत्या. त्यांनी कॉफी ओतली. कॉफी अजून रेशनवर होती, तरी त्यांनी झेंडाइकचा कप काठोकाठ भरला. बशीत एकच बिस्किट ठेवलं, डबा झाकून कपाटात ठेवला.

"उद्याच्या साक्षीबद्दल आलात?"

"पांघरुणाबद्दल. ते तुमच्या पेटीत नव्हतं, बाई."

बाईंनी आपला कप बशीत ठेवला.

"त्यातले पोपटी चौकोन मिना डेनेबोमनी व्हिगर्सच्या घरात विणले, पेटी तुमच्याकडे येऊन वर्ष उलटल्यावर. दीना बहिणीकडे गेली तेव्हा ते तिथे होतं. धाडीच्या सकाळी नव्हतं. त्या मधल्या दिवसांत ते घराबाहेर पडलं आणि तुमच्याकडे पोचलं. म्हणजे तुम्ही तिथे गेला होतात. ती माणसं कुठे आहेत ते तुम्हाला ठाऊक होतं. आणि तीन वर्षं तुम्ही सांगताय की ठाऊक नव्हतं."

"कुपनं मीच नेत असे," बाई म्हणाल्या. आवाज वर्गात असावा तसा स्पष्ट होता. "हेंड्रिकच्या हातात देऊन परत यायचे."

"त्यात लपवण्यासारखं काय? कुपनं पोचवणाऱ्यांना लोक आज हार घालताहेत. तुम्ही लपवलंत, कारण ठाऊक होतं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो." झेंडाइक थांबले. "वोल्टर कधी सुटला?"

"त्याच आठवड्यात."

बाहेर गल्लीत कुणीतरी पिंप लोटत नेत होतं.

"त्याला पूर्वेकडे, छावणीत पाठवणार होते," बाई म्हणाल्या. "एक माणूस होता, आमच्याच गावचा, जर्मनांना मिळालेला. आता मेला तो. म्हणाला, एक पत्ता द्या आणि भाऊ घेऊन जा. मी नाही म्हटलं. परत आला. मग मला एक युक्ती सुचली. शाळामास्तरणीची युक्ती. आधी त्यांना सावध करायचं, दुसरीकडे हलवायचं, आणि मग रिकामा पत्ता द्यायचा. म्हणून मी गेले. हार्तोख तापानं फणफणला होता, न्यूमोनिया. उठून बसता येत नव्हतं त्याला. आणि मिना मला बघून इतकी हरखली. वर्षभरात हेंड्रिक-दीनाशिवाय बाहेरचं माणूस पाहिलं नव्हतं तिनं. चहा केला. मी प्यायले."

"आणि सांगितलं नाहीत."

"दर घोटाला म्हणायचे, आता सांगते. सांगितलं असतं तर तापातसुद्धा त्यांनी निघायचा प्रयत्न केला असता. रस्त्यात मेले असते कदाचित, कदाचित नसते. तेवढी संधीही मी त्यांना दिली नाही. निघताना तिनं ते पांघरूण माझ्या हातात ठेवलं. युडिककडे पोचवा म्हणाली. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला पत्ता दिला."

झेंडाइकनी कप खाली ठेवला. पाद्र्याच्या माळ्यावर ते रोज जिन्यावरच्या पावलांचा कानोसा घेत, आणि कोण बोलेल याचा विचार करत. त्यांच्या मनात तेव्हा दुष्ट चेहरे यायचे. असा चेहरा कधी आला नव्हता.

"म्हणून काल ते परत चोरलंत," ते म्हणाले.

पहिल्यांदाच बाईंनी चमकून वर पाहिलं.

"चोरलं? पांघरूण चोरीला गेलंय?"

५

ते खोटं नव्हतं, हे झेंडाइकना बोलता बोलताच कळलं, आणि स्वतःच्या घाईचा राग आला. ज्या बाईने एक विणलेलं पांघरूण चार वर्षं कसर न लागू देता जपलं, ते शेकोटीत टाकायला तिला चार वर्षं मोकळी होती. ज्या वस्तूने ती पकडली जाणार होती, तीच तिने दिलेला शब्द म्हणून पोचवली. ती ते परत कशाला घेईल? आणि काल दुपारी ती तर वर्गात होती.

पोपटी चौकोनाची गोष्ट रविवारी ऐकणारा दुसरा माणूस एकच होता. त्याच्या खिशात ट्यूबचे तुकडे असणारच होते.

वोल्टर हेसेलिंकचं दुकान मागच्या बोळात होतं. उंच, वाकलेला माणूस. तुरुंगात मोडलेली दोन बोटं नीट जुळली नव्हती. झेंडाइकनी तो रबराचा तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. वोल्टरने त्याच्याकडे पाहिलं, हातातलं चाक भिंतीला टेकवलं आणि फळीवरच्या खोक्यातून पांघरूण काढून दिलं. स्वच्छ कागदात गुंडाळलेलं होतं.

"जाळणार होतो," तो म्हणाला. "काडी पण ओढली. नाही झालं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"कळलं म्हणजे काय? सुटून आलो त्या दिवशी अंगात हुडहुडी होती. हे खुर्चीवर पडलेलं, मी ओढून घेतलं. ताईनं हातातून हिसकावलं. तिनं माझ्या हातातलं कधी काही हिसकावलं नव्हतं. म्हणाली, ते युडिकचं आहे. तेव्हा वाटलं पेटीतलं काढलं असेल. पण माझ्या कोठडीत आम्ही सहा होतो, झेंडाइकसाहेब. पाच गेले. मी एकटा का सुटलो, हे मी चार वर्षं कुणाला विचारलं नाही. विचारायचं नसतं काही गोष्टींबद्दल." त्याने वाकडी बोटं चोळली. "रविवारी ती पोरगी म्हणाली, हा चौकोन माझ्या जर्सीचा. मी ताईकडे बघितलं. किटली हातात तशीच. कॉफी टेबलावर सांडतेय, आणि तिला पत्ता नाही."

"आणि तुम्हाला वाटलं, चौकोन नाहीसा झाला की प्रश्न नाहीसा होईल."

"पोरीला कळू नये एवढंच वाटलं. ताईसाठी, आणि पोरीसाठी पण. तिचं दुसरं कोण आहे हो?" तो थांबला. मग खालच्या आवाजात विचारलं, "खरंय ना ते? माझ्यासाठी?"

झेंडाइक हो म्हणाले.

वोल्टरने मान हलवली, पुन्हा चाक उचललं आणि त्याची एक तार घट्ट करू लागला. ती आधीच घट्ट होती.

आता फक्त एक काम उरलं होतं. बाईंचं गुपित झाकून ठेवलं तर उद्या घर मिळणार होतं. तोंड उघडलं तर साक्षीदार जाणार, आणि साक्षीदाराबरोबर घर. वकिलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, सुनावणी होऊ द्या, मग बघू. झेंडाइकनी वकिलाला विचारलं नाही. सकाळी ते पांघरूण काखेत घेऊन युडिककडे गेले. घर तिचं होतं आणि माणसंही तिचीच गेली होती.

६

आयसेल नदीच्या धक्क्यावर उभं राहून त्यांनी तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. पांघरूण तिने त्यांच्या हातून घेतलं, पण उलगडलं नाही.

"त्या आज साक्षीला येणार आहेत?" शेवटी तिने विचारलं.

"तुम्ही म्हणालात तर. तुम्ही आत्ता पोलिसांकडे चला म्हणालात, तर मी बरोबर येतो."

युडिकने नदीवरच्या पडावांकडे पाहिलं.

"नायलंट आजोबांच्या शेकोटीपुढे पाय शेकतो," ती म्हणाली. "येऊ दे त्यांना. बोलू दे."

झेंडाइकनी तो निरोप बाईंना पोचवला, आणि युडिकला सगळं ठाऊक आहे हेही सांगितलं. सुनावणीच्या दालनात लांब टेबलामागे तिघं सभासद बसले होते. हेसेलिंकबाई काळ्या कोटात आल्या. वोल्टर मागच्या बाकावर होता, दीना व्हिगर्स युडिकच्या शेजारी. बाईंनी नायलंटचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, तो कुठे उभा होता, हार्तोखने काय उत्तर दिलं तेही. नायलंटची मान लाल झाली. मग त्याचा वकील उठला.

"बाई, तुमचा या कुटुंबाशी घरोबा होता?"

"होता."

"मुलीवर तुमची माया आहे?"

"आहे."

"त्यांचं सामान तुम्ही प्राणापलीकडे जपलंत. सगळं गाव तुमचं नाव घेतं. मग साहजिक आहे, नाही का, की या अनाथ मुलीला घर मिळावं म्हणून तुमची स्मृती जरा उदार होईल?"

"मी त्यांची मैत्रीण नाही," बाई म्हणाल्या.

वकील गोंधळला. "आत्ताच तुम्ही म्हणालात—"

"चव्वेचाळीसच्या फेब्रुवारीत हार्तोख आणि मिना डेनेबोम कुठे लपले आहेत, ते मी सांगितलं. माझ्या भावाला सोडवण्यासाठी. त्यांना आणि हेंड्रिक व्हिगर्सला त्यामुळे नेलं. ती मुलगी मागच्या रांगेत बसली आहे आणि तिला हे आज सकाळपासून ठाऊक आहे. तिला खूश करून मला आता काही मिळणार नाही. या खोलीतून मी सरळ पोलिसांकडे जाणार आहे. नायलंट जे म्हणाला ते म्हणाला. खोटं बोलायचं माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही. आणखी काही विचारायचंय?"

दीना व्हिगर्सच्या तोंडून एक आवाज निघाला, पायाखाली काही चिरडल्यासारखा, आणि युडिकने तिचा हात धरला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि वकिलाकडे पाहिलं. वकील खाली बसला.

निकाल नंतर लागायचा होता, आणि महिनाभराने तो युडिकच्या बाजूने लागला. पण बाई बोलून थांबल्या त्या क्षणीच नायलंटने टोपी उचलली होती. गेलेलं घर माणसाला पायरीवरूनच कळतं.

बाहेरच्या व्हरांड्यात एक पोलीस आला होता. हेसेलिंकबाई बाकावर बसून त्याची वाट पाहत होत्या. वोल्टर थोडा लांब, हातात टोपी घेऊन उभा होता. जवळ जावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. युडिक दालनातून बाहेर आली आणि थेट बाकापाशी गेली. झेंडाइक एक पाऊल पुढे झाले. पण तिने हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही.

"पांघरूण देताना आई काय म्हणाली?"

"म्हणाली, तिला सांगा, पाय बाहेर टाकून झोपायची सवय सोड. फ्रीसलंडला वारा फार. आणि म्हणाली, बाह्यांचं माप माझं चुकलं नव्हतं, तूच भराभर वाढलीस."

युडिकने डोळे मिटले आणि उघडले. "हे पेटी देताना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, आई तुम्हाला भेटली कधी."

पोलिसाने घसा खाकरला. बाई उठू लागल्या.

"थांबा," युडिक म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बाकावर बसली. "तुम्ही चहा प्यायलात म्हणे. म्हणजे बराच वेळ होतात. ती आणखी काय काय बोलली? बाबा काय बोलले? तिच्या अंगावर काय होतं? नीट आठवा. मला सगळं पाहिजे. तुम्हाला नेतील त्याच्या आत आठवा."

बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. पोलीस पुढे येऊ लागला, तेव्हा झेंडाइकनी त्याला हाताने थांबायची खूण केली.